पांढऱ्या सिल्कीला शोच्या आधी आंघोळ: नीळ घालायची का?

मोगऱ्याची आई (ओहायो)

नमस्कार मंडळी. लेक दहा वर्षांची आहे. यंदा पहिल्यांदाच फोर-एच या मुलांच्या क्लबमधून काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जत्रेतल्या शोला, कोंबडी नेणार आहे. पांढरी सिल्की (लोकरीसारख्या मऊ पिसांची जात), दाढीवाली, अजून तलंगच आहे. नाव ठेवलंय मोगरा, पण रंग सध्या जुन्या धोतरासारखा. पायांवरच्या पिसांत चिखल वाळलाय आणि शेपटीखाली पिवळे डाग आहेत.

फेअरला तीन आठवडे आहेत. यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. बेबी शांपू की भांड्यांचा साबण? एका व्हिडिओत शेवटच्या पाण्यात नीळ घातलेली पाहिली. आमच्या इंडियन स्टोअरमध्ये उजाला मिळतो, तो चालेल का? ड्रायर लावला तर घाबरेल का?

सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, कोंबडी मातीत लोळून आपली आपण साफ होते, धुवायची कसली! आणि किचनच्या सिंकमध्ये तर अजिबात नाही. लेक रडवेली झालीय. कुणी खरंच शोला पक्षी नेलेत का?

ब्रह्माताई (पेनसिल्व्हेनिया)

आधी सिंकचं. सासूबाई बरोबर आहेत. कोंबडी ठणठणीत दिसली तरी तिच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून जिथे भाज्या धुतो तिथे कोंबडी नको. गराजमध्ये प्लॅस्टिकचे तीन टब मांडा. ते टब फक्त कोंबड्यांचेच ठेवा, आणि काम झाल्यावर लेकीचे हात साबणाने धुवून घ्या.

मातीत लोळण्याबद्दलही त्या चूक नाहीत. त्याने उवा कमी होतात. पण डाग जात नाहीत, आणि परीक्षकासमोर पांढरा पक्षी पांढराच दिसावा लागतो.

पाण्याला हात लावायच्या आधी आजच संध्याकाळी मोगराला उलटी धरा आणि शेपटीखालची, पंखाखालची पिसं फुंकून बघा. पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर ती उवांची अंडी. शोमध्ये उवा सापडल्या तर पक्षी तिथेच बाद. परमेथ्रिनची कोंबड्यांसाठीची पावडर मिळते, ती डब्यावर लिहिलंय तशीच वापरा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्या, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत. तीन आठवडे हातात आहेत, तेवढ्यात हे बसतं.

आता आंघोळ. फेअरच्या दोन-तीन दिवस आधी घाला. आदल्या रात्री नको. कोंबडी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने अंगभर लावते, ते साबणाने जातं आणि परत यायला वेळ लागतो. पाणी कोमट हवं, कोपर बुडवून बघा. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४१ सेल्सिअस असतं. आपल्याला "ठीक आहे" वाटणारं गार पाणी तिला गारच लागतं.

पहिल्या टबात शांपू. बेबी शांपू पुरतो, शेपटीखालच्या चिकट डागाला भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. हात नेहमी पिसांच्या दिशेने फिरवा, उलटा घासू नका. चोळलेलं, मोडलेलं पीस पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. दुसऱ्या टबात साध्या पाण्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे साबण निघतो. राहिलेल्या साबणाने पिसं चिकट होतात. तिसरं पाणी स्वच्छ. काही जण शेवटच्या पाण्यात ग्लिसरीन घालतात. सिल्कीला मी घालत नाही, पिसं जड होऊन फुलत नाहीत. डोकं पाण्यात बुडवायचं नाही. तुरा आणि चेहरा ओल्या फडक्याने पुसा.

मधेच मोगरा डोळे मिटून मान टाकेल. गरम पाण्यात बऱ्याच कोंबड्या अशा पेंगतात. लेक घाबरेल, तिला आधी सांगून ठेवा. फक्त मान हातावर पेललेली असू द्या. चोच उघडून धापा टाकायला लागली तर मात्र लगेच बाहेर काढा, पाणी जास्त गरम झालंय.

नीळ चालते, पण बेताने. इथे मिसेस स्टुअर्ट्सची बाटली मिळते, तिचे दोन-तीन थेंब बादलीभर पाण्यात आधी पूर्ण मिसळा आणि मगच कोंबडी आत घ्या. थेंब थेट अंगावर पडला तर निळा डाग बसतो आणि जात नाही. उजाला मी वापरत नाही, त्याचा रंग जांभळ्याकडे झुकतो. पुडीतली नीळ तर नकोच, तिचे कण पिसांत अडकतात.

एक गोष्ट मात्र निळीने होत नाही. उन्हाने आलेली पिवळी झाक धुऊन जात नाही. मक्याचं किंवा झेंडूचा अर्क घातलेलं खाद्य दिलं तरी तशी झाक येते. आतापासून तिला दुपारच्या उन्हात सोडू नका, सावलीतली जागा करा. पांढरेपणाचं निम्मं काम खुराड्यात होतं, टबात नाही.

खरी मेहनत वाळवण्यात आहे. इतर कोंबड्यांच्या पिसांना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पाणी थोपवतात. सिल्कीला ते नाहीत, म्हणून तिची पिसं लोकरीसारखी मोकळी असतात आणि पाणी थेट कातडीपर्यंत जातं. आधी टॉवेलने दाबून पाणी टिपा, चोळू नका. मग ड्रायर मंद गरमीवर, हाताच्या अंतरावरून, बोटांनी पिसं फुलवत. आधी आवाजाची सवय म्हणून रोज थोडा वेळ ड्रायर लांब ठेवून चालू करा. "वाळली बहुतेक" असं वाटलं की पंखाखाली हात घाला, तिथे ओलच असते. अर्धवट वाळलेली सिल्की रात्री गराजमध्ये ठेवू नका, गारठते.

असीलवाला (लेस्टर)

वरच्यात एवढंच जोडतो की हे सगळं मऊ पिसांच्या पक्ष्यांसाठी. माझ्याकडे असील आहेत, आपल्याकडचीच जात. त्यांची पिसं आखूड, कडक, अंगाला चिकटलेली. त्यांना पूर्ण बुडवलं तर ती फुगतात आणि परीक्षकाला जो आटोपशीर बांधा बघायचा असतो तोच झाकला जातो. मी ओलं फडकं फिरवतो, मग कोरड्या रेशमी कापडाने पुसत बसतो. पायांना मात्र सगळ्यांना सारखाच त्रास! खवल्यांत मळ भरतो. कोमट पाण्यात पाय भिजवा, जुना टूथब्रश, आणि खवल्यांच्या कडेने टूथपिक, हलक्या हाताने. शेवटी बोटाला जरासं व्हॅसलीन. सिल्कीच्या पायांना पिसं असल्यामुळे व्हॅसलीन फक्त उघड्या बोटांना लावा.

मोगऱ्याची आई (ओहायो)

किती सविस्तर! उवा तपासल्या, नशिबाने नाहीत. दोन शंका. डोक्यावरची पिसं डोळ्यांवर येतात, ती कापली तर चालेल? आणि एका पंखात एकच करडं पीस आहे. लेक म्हणते उपटून टाकू.

ब्रह्माताई (पेनसिल्व्हेनिया)

दोन्ही नाही. पिसं कापणं, रंगवणं किंवा दोष लपवायला उपटणं म्हणजे फसवणूक. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या नियमांत त्यासाठी पक्षी बाद होतो. करड्या पिसाचे गुण गेले तर जाऊ देत. डोळ्यांवरची पिसं एरवी रबरबँडने सैल बांधा, म्हणजे तिला दिसेल आणि चिखलही कमी लागेल. फेअरला सोडून द्या. नखं आणि चोचीचं टोक कापलेलं मात्र चालतं. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून अगदी टोकच कापा. रक्त आलंच तर कॉर्नस्टार्च दाबा.

आजपासून रोज तिला तारेच्या पिंजऱ्यात बसवा. आत-बाहेर करताना डोकं आधी, म्हणजे पंख तारेत अडकत नाहीत. शोमॅनशिपमध्ये, म्हणजे पक्षी हाताळून दाखवायच्या स्पर्धेत, भाग घेणार असेल तर लेकीला पंख उघडून दाखवणं, छातीचं हाड चाचपणं आणि पायाची बोटं मोजणं यायला हवं. सिल्कीला पाच असतात, इतर बहुतेक जातींना चार, आणि परीक्षक हमखास विचारतात. तिथे आंघोळीपेक्षा मुलीचा हात किती सहज चालतो याला गुण असतात.

पुलोरम या कोंबड्यांच्या रोगाच्या तपासणीचा कागद लागतो का, ते तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (शेतीसल्ल्याच्या कार्यालयात) आजच विचारा. बर्ड फ्लूचे नियमही तेव्हाच विचारून घ्या. २०१५ साली ओहायोत त्यापायी जिवंत पक्ष्यांचे सगळे शो बंद झाले होते. आणि आंघोळीनंतर पिंजऱ्यात लाकडाचा जाडा भुसा घाला. बारीक घातलात तर तो पायांच्या पिसांत अडकून बसतो, आणि फेअरच्या सकाळी चिमट्याने वेचत बसावं लागतं.