मदत हवी आहे: घडी होणारी इटालियन ट्रॉली (फराळ + बार), लहान घरासाठी

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मिलानमध्ये भाड्याच्या घरात राहतो. ओटा आणि बसायची जागा एकाच खोलीत, शिवाय एक झोपायची खोली आणि एक चिंचोळी बाल्कनी. जेवणाचं टेबल भिंतीला चिकटवलेलं आणि त्यावर नवऱ्याचा लॅपटॉप मुक्कामाला. चार माणसं आली की बशा कुठे ठेवायच्या हा प्रश्न दरवेळी नव्याने पडतो. शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी येतात, तेव्हा कांपारी, आपेरोल, प्रोसेक्को ही इटालियन मद्यं, बर्फ, ऑलिव्ह असा सरंजाम असतो. सासू-सासरे आले की त्याच ट्रॉलीवर चहा-पोहे जाणार आणि बाटल्या कपाटात जाणार, हे वेगळं सांगायला नको.

तर चाकांवरची ट्रॉली हवी, पण एरवी दाराच्या मागे किंवा कपाटाच्या शेजारी उभी राहील अशी घडी व्हायला हवी. बजेट २०० युरोपर्यंत. सध्या तीन पर्याय समोर आहेत:

अ) कार्टेल कंपनीची 'गास्तोने' ही प्लास्टिकची घडीची ट्रॉली. वापरलेली, पांढरी. नवी माझ्या आवाक्यातली नाही.
ब) बीच (beech) झाडाच्या लाकडाची साधी घडीची ट्रॉली, नवी. वरचा ट्रे सुटा निघतो.
क) पितळी दांड्या, काचेच्या दोन फळ्या, मोठी चाकं. जाहिरातीत 'चेझारे लाक्का, १९५० चं दशक' असं लिहिलंय. दिसायला फारच देखणी. घडी होते म्हणतात.

भरलेली ट्रॉली घडीच्या सांध्यांवर डुगडुगते का? बाल्कनीच्या दाराला अडीच सेंमीची संगमरवरी पट्टी आहे, तिच्यावरून जाईल का? आणि दोनेक वर्षांत पुण्याला परतायचा विचार आहे, तर यातलं काही सोबत नेण्यासारखं आहे का?

कुणी वापरली असेल तर मनापासून सांगा. दुकानदार सगळ्याच गोष्टींना 'पेर्फेत्तो' (एकदम झकास) म्हणतो.

— बशीतलाचहा

चकलीबहाद्दर: कशाला एवढा खटाटोप? आयकियाची रोस्कोग घ्या. तीन मजले, स्टीलची, स्वस्त. आमच्याकडे बाळाच्या लंगोटांपासून कांदे-बटाट्यांपर्यंत सगळं झालंय तिच्यावर.

बशीतलाचहा: रोस्कोग चांगलीच आहे, पण घडी होत नाही ना! घडी हाच तर मुद्दा आहे. शिवाय इटलीत राहून स्वीडनची ट्रॉली घेतली तर शेजारच्या आजीबाई बोलणं टाकतील.

सुतारपक्षी: मी कांतूजवळ फर्निचरच्या कारखान्यात नमुने बनवायच्या विभागात आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

घडीची ट्रॉली दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वस्तूकडून मागते. घडी व्हायची तर सांधे सैल हवेत आणि ढकलायची तर सांगाडा ताठ हवा. तुम्ही हँडल ढकलता, पुढचं चाक फरशीच्या खाचेत अडतं, आणि त्या क्षणी सगळा जोर सांध्यांवर येऊन चौकट मिटू पाहते. म्हणून लाकूड की प्लास्टिक हे नंतर बघा, आधी खटका बघा. उघडल्यावर 'टक्' असा आवाज येऊन कडी बसली पाहिजे. नुसत्या वजनाने किंवा घर्षणाने उघडी राहणारी ट्रॉली चहासाठी चालेल, बाटल्यांसाठी नको.

दुकानात गेलात की ट्रॉली उघडा, वरच्या फळीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तळवे ठेवा आणि तिरकं हलवा. थोडी लवचीक वाटली तर हरकत नाही, पण हलवून सोडल्यावर ती मूळ जागी यायला हवी. जिथल्या तिथे तिरकी राहिली तर रिव्हेटची भोकं मोठी झालेली आहेत. जुन्या मालात हे सर्रास असतं. स्क्रू असेल तर आवळता येतो, रिव्हेट असेल तर काढून नवा ठोकावा लागतो.

आता चाकं. चाकाच्या त्रिज्येइतकी उंच पायरी नुसतं ढकलून चढता येत नाही, कितीही जोर लावा. घडीच्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ५ सेंमी किंवा त्याहूनही लहान चाकं असतात, कारण मोठं चाक घडीत मावत नाही. ५ सेंमीच्या चाकाची त्रिज्या अडीच सेंमी, आणि तुमची पट्टीही अडीच सेंमीची. म्हणजे अ आणि ब बाल्कनीत जाणार नाहीत, उचलून न्याव्या लागतील. क ला मोठी चाकं आहेत, ती चढेल, पण वर काचेचे ग्लास असतील तर त्या धक्क्यात काय होईल ते तुम्हीच ठरवा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकडाची उतरती पाचर ठेवली तर प्रश्न सुटतो. ती कोणीही सुतार अर्ध्या तासात करून देईल.

चारही चाकं फिरती असलेली बघा. तुमच्यासारख्या खोलीत दोन स्थिर, दोन फिरती असली तर वळवताना सोफ्याला धडकते. निदान दोन चाकांना ब्रेक हवा, आमच्या इथल्या जुन्या घरांच्या फरशा सपाट नसतात.

बशीतलाचहा: बापरे, त्रिज्येचा हिशोब डोक्यातच आला नव्हता! पाचर करून घेते. गास्तोनेबद्दल काही सांगाल का?

सुतारपक्षी: गास्तोने म्हणजे आंतोनिओ चित्तेरिओ आणि ऑलिव्हर ल्योव्ह या जोडीचं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं काम. त्याच दोघांनी त्याच सुमारास बत्तिस्ता ही ट्रॉलीही केली. तिची चौकट पेटीच्या भात्यासारखी लांबते आणि मिटते, वर एकच फळी. कार्टेल १९४९ पासूनची कंपनी, संस्थापक जुलिओ कास्तेल्ली केमिकल इंजिनिअर. प्लास्टिकला बैठकीच्या खोलीत मान मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा. मिलानबाहेर नोव्हील्यो इथे त्यांचं संग्रहालय आहे, वेळ काढून बघा.

गास्तोने हलकी आहे, पुसायला सोपी आहे, आणि मिटली की खरंच कमी जागा घेते. एवढ्या वर्षांच्या मालाच्या बिजागऱ्या मात्र हाताने उघडून-मिटून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फोटोत बिजागरी कधीच दिसत नाही.

प्रयोगशाळेतली: पांढऱ्या प्लास्टिकबद्दल एक सांगते. उन्हाने ते पिवळं पडतं. एबीएससारख्या प्लास्टिकमध्ये जो रबरी घटक असतो तो अतिनील किरणांनी बिघडतो, म्हणून खिडकीकडची बाजू आधी पिवळी होते. फळी उलटी करून खालचा रंग बघा, तोच मूळ रंग. वर आणि खाली फार फरक असेल तर ती बाल्कनीत राहिलेली आहे, आणि रंगच नाही तर प्लास्टिकही ठिसूळ झालेलं असू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका. वरचा थर उजळतो, पुढे परत पिवळा पडतो.

जुनाबाजार: क वर मी बोलतो, कारण असल्या गाड्या बघण्यात माझे रविवार गेले आहेत.

चेझारे लाक्का हे इटालियन डिझायनर खरे, त्यांच्या पन्नाशीच्या दशकातल्या लाकूड-पितळाच्या सर्व्हिंग ट्रॉल्या खरोखर सुंदर आहेत. पण हल्ली मोठी चाकं आणि थोडं पितळ दिसलं की विक्रेते लाक्का किंवा ईको पारीझी यांचं नाव चिकटवून मोकळे होतात. बकऱ्याच्या कातड्यावर जाड लाखेचा थर दिसला की लगेच 'आल्दो तूरा'. कागद, शिक्का, लेबल काही नसेल तर नावाचे पैसे देऊ नका, वस्तूचे द्या.

खिशात चुंबक ठेवा. भरीव पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. मुलामा वाईट नाही, पण तो एकदा उडाला की खालचं लोखंड गंजतं, आणि पितळ म्हणून घासायला गेलात की उरलेला मुलामाही जातो.

दुसरं, त्या काळच्या काचेच्या फळ्या बहुधा साध्या काचेच्या असतात. फुटल्या तर मोठे धारदार तुकडे होतात. घेतलीत तर मापाची टफन्ड काच कापून बसवा. जुनी काच गादीखाली गुंडाळून ठेवा, विकताना मूळ काच विचारतात.

तिसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: घडी होते याचा व्हिडिओ मागवा. त्या काळच्या पितळी ट्रॉल्यांमध्ये वरचा ट्रे उचलून निघणं यालाच काही जण 'पिएगेवोले' (घडीची) म्हणतात. पूर्ण सपाट घडी होणारी पन्नाशी-साठीतली ट्रॉली दिसली तर ती अनेकदा इटालियन नसतेच. जर्मनीत झोलिंगेनच्या ब्रेमशाय कंपनीने 'डिनेट' नावाची ट्रॉली काढली होती, फळ्यांसकट सपाट मिटणारी. ती बाजारात इटालियन म्हणून बिनदिक्कत विकली जाते. वस्तू म्हणून डिनेट उत्तम आहे, यंत्रणा अजून चालते. फक्त इटालियन म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मिलानमधल्या नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सकाळी लवकर गेलात तर माल, उशिरा गेलात तर भाव.

पेला_अर्धा: बारवाल्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून मी. दोन फळ्यांमधलं अंतर मोजा. वाइनची बाटली साधारण ३० सेंमी, प्रोसेक्कोची त्याहून थोडी उंच. ३४-३५ सेंमी मोकळं असेल तरच बाटली वाकडी न करता काढता येते. कित्येक देखण्या ट्रॉल्या इथेच नापास होतात, खालच्या फळीवर फक्त मासिकं मावतात.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास असते. डझनभर झाल्या की पंधरा किलो. त्या खाली ठेवा, वर ग्लास, बर्फ आणि लिंबू. उलटं केलंत तर वळताना ट्रॉली कलंडते. आणि फळीला कठडा हवाच. दोन-तीन सेंमीचाही पुरतो, पण हवा.

अप्पा_बेळगाव: बाटल्या दिवाणखान्यात चाकांवर फिरवण्याची गरज काय हे अजून कळलं नाही. आमच्या वेळी कपाटातून निघायची आणि कपाटात जायची. असो. वाचतोय.

पेला_अर्धा: अप्पा, हे लोक आपेरितीवो करतात, म्हणजे जेवणाआधीचा तास-दीड तास, थोडं पेय आणि बरंचसं चटरमटर. ट्रॉली खरं तर त्या चटरमटरसाठीच लागते. तुम्ही या, तुम्हाला सोडा-लिंबू देऊ.

निळीशाई: विषयांतर वाटेल, पण घडीचा हट्ट सोडलात तर बोबी बघा. इटालियन डिझायनर जो (Joe) कोलोंबोने १९७० मध्ये केली, आता बी-लाइन कंपनी बनवते. चित्रकार-आर्किटेक्ट लोकांसाठीचा चाकांवरचा खण-मनोरा. साधारण ४३ सेंमीच्या चौकोनात उभी राहते, म्हणजे जागेचा प्रश्न घडी न करताच सुटतो. नकाशांच्या गुंडाळ्यांसाठी जे उभे खोल कप्पे आहेत त्यात बाटल्या बसतात. फिरते खण बाहेर येतात त्यात ओपनर, नॅपकिन. वरची जागा मात्र लहान, सहा बशा मावणार नाहीत. माझ्याकडे रंगांसाठी आहे, कधी बार म्हणून वापरली नाही.

बशीतलाचहा: बोबी मला फार आवडते, पण पोह्यांच्या सहा बशा तिच्यावर मावणार नाहीत हे खरं. सासूबाईंचा विचार करावा लागतो.

सुतारपक्षी: पुण्याचं राहिलं. बीचचं लाकूड जड आणि चिवट, पण दमट हवेत सागापेक्षा बरंच जास्त फुगतं. पावसाळ्यात घडीचे सांधे आवळले जातील, उन्हाळ्यात सैल होतील. चालवून घेता येतं. सांध्यांवर मेण चोळा आणि कापलेल्या टोकांना, म्हणजे पायांच्या तळाला, पॉलिशचा हात द्या, ओल तिथूनच आत शिरते. नेण्याआधी किडीची बारीक गोल भोकं आहेत का तेवढं बघा, बीचला कीड लवकर लागते. नवी असेल तर चिंता नाही. बर्गामोकडची फोप्पापेद्रेत्ती कंपनी बीचच्या घरगुती वस्तूंसाठी इथे घराघरात माहीत आहे, त्यांचा माल एकदा हाताळून बघा म्हणजे चांगला सांधा कसा असतो ते कळेल. मग दुसरीकडचा घ्या हवा तर.

वाकडीवाट: विमानातून न्यायची असेल तर घडी केलेलं माप महत्त्वाचं. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन बॅगेसाठी लांबी + रुंदी + जाडी १५८ सेंमी आणि इकॉनॉमीत २३ किलो धरतात. तुमच्या ब ची घडी केल्यावर मापं काय आहेत?

बशीतलाचहा: ७४ × ६५ × १३ लिहिलंय. म्हणजे १५२! वजन नऊ किलो.

वाकडीवाट: मग खोक्यात बसवायला कडेने जेमतेम दोन-दोन सेंमी, तीन बाजू मिळून सहा. पातळ पुठ्ठा आणि वरून जुन्या साड्या. सुटा ट्रे वेगळा काढून कपड्यांच्या बॅगेत घाला, म्हणजे जाडी आणखी कमी होईल.

बशीतलाचहा: सगळ्यांचे मनापासून आभार! आज दुकानात जाऊन ब उघडून-मिटून पाहिली. कडी 'टक्' वाजते, तिरकं हलवल्यावर जागेवर येते. चारही चाकं फिरती, दोनांना ब्रेक. दोन फळ्यांत ३६ सेंमी मोकळे. कठडा फक्त वरच्या ट्रेला आहे, खालच्या फळीला नाही, पण दुकानदार म्हणाला की दोन बाजूंना पट्टी मारून देतो. १४० युरोत ठरवली. गास्तोनेवाल्याने खालून काढलेला फोटो पाठवायला नकार दिला, तेव्हा तो विषयच संपला. क वाल्याने घडीचा व्हिडिओ पाठवला आणि तुम्ही म्हणालात तसंच, फक्त वरचा ट्रे निघतो, बाकी सांगाडा आहे तसाच उभा.

पाचरीसाठी मात्र सल्ला हवा: घरमालक पट्टीला खिळा मारू देणार नाही. नुसती ठेवली तर घसरेल ना?

सुतारपक्षी: खालून गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी चिकटवा, घसरणार नाही. उतार लांब ठेवा, अडीच सेंमी उंचीला निदान वीस सेंमी लांबी. आत आणि बाहेर दोन वेगळ्या पाचरी करा, नाहीतर बाल्कनीचं दार बंद होणार नाही.

जुनाबाजार: क तुम्ही घेत नाही आहात हे नक्की ना? मग जाहिरातीची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घडी नाही झाली तरी मला चालेल.