मदत हवी आहे: सिस्टमडीमुळे डेबियन सोडावं का?

लातूरच्या अडत दुकानातला बिलिंग सर्व्हर डेबियन १२ या लिनक्स ओएसवर आहे. वजनकाटा यूएसबी-सीरियलने जोडलेला, बिलिंगची सर्व्हिस रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालते, एसएसएच (दुरून लॉगिनची सोय) बाहेरून उघडं. एक्सझेड या फाइल-कॉम्प्रेशन लायब्ररीत बॅकडोअर (चोरवाट) सापडल्यापासून जो तो म्हणू लागलाय, सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू करणारं, सांभाळणारं सॉफ्टवेअर) फार पसरलंय, देव्हुआनवर (सिस्टमडी नसलेल्या डेबियनवर) जा. जावं का? सोयाबीनची आवक तोंडावर आहे, काटा बंद पडून चालणार नाही.

उत्तर: दादा, सीझनमध्ये ओएसला हात लावू नका. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेला बॅकडोअर एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होता, डेबियन १२ मध्ये ५.४.१ आहे. तरी तुमची शंका रास्त आहे. ओपनएसएसएचला (एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामला) एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. "मी सुरू झालो" एवढा निरोप सिस्टमडीला द्यायचा म्हणून डेबियन, फेडोराने त्यात लिबसिस्टमडी (सिस्टमडीची लायब्ररी) जोडलं आणि त्याच्यामागे एक्सझेड आत आलं. एवढ्याशा कामाला अख्खी लायब्ररी ओढणं मला आजही पटत नाही. ओपनएसएसएच ९.८ पासून हा निरोप लायब्ररीशिवाय जातो.

तुमच्याकडे खरी जोखीम रूटने चालणारी सर्व्हिस आहे. 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ सिक्युरिटी' चालवून बघा, ही कमांड सर्व्हिस किती उघडी आहे त्याचे गुण देते; अशा युनिटला (सिस्टमडीच्या भाषेत सर्व्हिसला) बहुधा ९.६ अनसेफ येतं (१० म्हणजे सगळ्यात उघडं). आधी वेगळा युजर करा, डेटा फोल्डरची मालकी त्याला द्या. मग 'सिस्टमसीटीएल एडिट' ने सर्व्हिसच्या सेटिंग्जमध्ये युजर, नो-न्यू-प्रिव्हिलेजेस (जादा अधिकार मिळू न देणं), प्रोटेक्ट-सिस्टम स्ट्रिक्ट (बाकी फाइली फक्त वाचता येणं) आणि डेटा फोल्डरसाठी रीड-राइट-पाथ्स (तिथे लिहायची मुभा), एकेक ओळ घालून दरवेळी रीस्टार्ट करा. एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त की-फाइलने लॉगिन.

प्रश्नकर्ता: रीस्टार्टला २२६/नेमस्पेस असा एरर येऊ लागलाय. आणि प्रायव्हेट-डिव्हाइसेस पण घातलं होतं.

उत्तर: २२६ बहुतेक वेळा रीड-राइट-पाथ्समधलं फोल्डर जागेवर नसल्यामुळे येतो. पाथ तपासा, फोल्डर बनवा. प्रायव्हेट-डिव्हाइसेस मात्र काढाच, त्याने टीटीवाययूएसबी० (काट्याचा पोर्ट) सर्व्हिसला दिसेनासं होतं आणि काटा गप्प होतो. त्याऐवजी डिव्हाइस-पॉलिसी क्लोज्ड ठेवा (परवानगी दिलेलीच डिव्हाइसेस चालतील), युजरला डायलआउट ग्रुप (सीरियल पोर्ट वापरायचा हक्क) द्या आणि डिव्हाइस-अलाऊमध्ये एकच पोर्ट न लिहिता 'कॅर-टीटीवाययूएसबी आरडब्ल्यू' (सगळे यूएसबी-सीरियल पोर्ट) लिहा. लाइट जाऊन आली की कधी कधी ० चा १ होतो, तेव्हा पोर्टचा नंबर लिहिलेली ओळ फसते. अ‍ॅपमध्येही बाय-आयडीचा (पोर्टचा नंबर बदलला तरी तोच राहणारा) पाथ द्या.