आबांना पांढरा रस्सा पायजे, माझा दोनदा फुटला. कुणीतरी नीट सांगा

सेकंड_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मला चहा आणि मॅगी सोडून काय येत नाही, तेव्हा हसू नका. आमच्या आबांना टायफॉइड झालता. ताप उतरून दहा दिवस झाले, डॉक्टर म्हणालेत आता हळूहळू सगळं सुरू करा, फक्त तिखट तेलकट नको. पण माणूस जेवतच नाही ओ. मुगाची खिचडी दिली की दोन घास खाऊन ताट सरकवतात, पेज बघितली की भिंतीकडं तोंड करून झोपतात. परवा मी कामावरनं आलो तर अचानक म्हणाले, जरा रस्सा प्यावा वाटालाय, तांबडा नको, आपला तो.

आपला तो म्हणजे पांढरा असं मी धरलं. आई जाऊन दोन वर्षं झाली, बायको बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजला, घरात आम्ही बापलेक दोघंच. पहिल्यांदा हॉटेलातनं पार्सल आणलं, नाव सांगत नाही. पिशवी पातेल्यात उलटी केली तर पिठलं पडल्यागत थबकन पडला. आबांनी एक चमचा घेतला आणि म्हणाले, ही खीर हाय व्हय? मग व्हिडिओ बघून स्वतः केला. दोनदा. दोन्ही वेळा फुटला, खाली पाणी आणि वर पांढऱ्या कण्या, नासक्या दुधासारखं. त्यात पहिल्या वेळी मटण असं चिवट की शेजारचं कुत्रं पण विचार करून खाल्लं.

आखाड संपत आलाय. श्रावण लागला की आबा वशाटाला हात लावायचे नाहीत, म्हणजे येणारा रविवार शेवटचा. माझं कुठं चुकालंय? आणि आजारातनं उठलेल्या माणसाला हे चालतं का?

खादाड_पेठकर:
भावा तांबड्याला चालतंय जाळ अन धूर संगटच, पांढऱ्याला नाही. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणलीस की त्यातलं तेल सुटणार, पाणी खाली बसणार, मग देव आला तरी सांधायचा नाही. खसखस, काजू आणि थोडे पांढरे तीळ भिजवून अगदी गंधासारखं वाट, ते आधी कोमट अळणीत (मटण शिजवलेलं साधं पाणी) मिसळ, मग दूध, गॅस एकदम बारीक आणि पळी एकाच दिशेनं फिरवत राहायची. कडेला बुडबुडे दिसले की बंद. शेवटी तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी यांची फोडणी. परत गरम करताना पण हाच नियम, तिथंच निम्म्या लोकांचा फुटतो. आणि हळद अजिबात नको, नायतर पांढरा म्हणून पिवळा पिशील.

राजारामपुरीची_काकू:
पेठकर, चिमूटभर हळदीनं काय होत नाही हो, आमच्या सासूबाई मटणाला लावून ठेवायच्या आणि रस्सा चांगला पांढरा व्हायचा. पण ते भांडण नंतर.

बाळ, तू एक सांग, आबा "पांढरा" हा शब्द बोलले का? तूच लिहिलायस "आपला तो". मला वाटतंय त्यांना अळणी पायजे. पांढरा हा पाहुण्यांना वाढायचा, त्यात काजू काय, खसखस काय, पंधरा दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाला ते जड. आमच्याकडं आजारी माणूस, बाळंतीण, दात येणारं पोरगं, सगळ्यांना अळणीच. रविवारी मटण शिजत असलं की पोरं वाट्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, त्यांना पण तेच. तांबडा पांढरा दोन्ही त्याच्यातनंच निघतात, पण नाव होतंय त्या दोघांचं.

आता कर कसं ते ऐक. अर्धा किलो आण, खाटकाला सांग नुसती मांडी नको, मान, नळी आणि चाप दे, आणि कवळं दे. धुऊन मीठ, आलं लसूण कोथिंबिरीचं वाटण आणि (पेठकरांनी डोळे मिटावेत) चिमूट हळद लावून अर्धा तास ठेव. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप, एक कांदा बारीक चिरून मऊ कर, लाल करायचा नाही. मग मटण टाक आणि पाणी न घालता दहा मिनिटं परत, ते आपलं पाणी सोडतंय आणि परत आटतंय, तो वास बदलला की समज. त्याच्यावर खोलगट ताटली ठेवून ताटलीत पाणी घाल, ते तापलं की तेच आत ओतायचं, ताटलीत परत नवीन. गार पाणी ओतलंस की मटण दचकतंय, तुझं चिवट तिथंच झालं असणार. सव्वा दीड तास मंद गॅसवर. घाई असली तर कुकर, पण मग मला सांगू नको की आईसारखं लागत नाही.

गाळून घे, वाटीत दे, वर दोन मिरं चुरडून. चमचा देऊ नको, वाटी तोंडाला लावून पिऊ दे.

पावशेर_मूग:
आम्ही माळकरी, त्यामुळं रविवारच्या वादात पडत नाही, पण श्रावण लागल्यावर काय देणार हा प्रश्न उरतोच ना. हुलग्याचं माडगं करा. हुलगे खमंग भाजून दळून ठेवायचे, दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या), मग उकळत्या पाण्यात सोडून गूळ, चवीला मीठ, सुंठ. पातळच ठेवा. २०१९ च्या पुरात आम्ही सहा दिवस शाळेच्या हॉलमध्ये होतो, हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही. तेव्हा कुणीतरी मोठं पातेलं भरून हे आणलं होतं. माझी आई घर बुडालेलं बघून पण रडली नव्हती, ते पिताना रडली. सर्दीत अजून तेच करतो.

गोळ्या_कमी_देतो:
मी डॉक्टर आहे, पण आबांचा नाही, त्यामुळं त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. टायफॉइडनंतर मऊ, कमी तेलाचं आणि थोडं थोडं सारखं खाणं बरं. अळणी करायची तर गार करून फ्रिजमध्ये ठेवा, वर चरबीचा थर गोठेल तो चमच्यानं काढून टाका आणि मग नीट उकळून द्या. बीपी असेल तर मीठ बघून. अँटिबायोटिकचा कोर्स ताप गेला म्हणून अर्धवट सोडला नाहीत ना? लोक हमखास सोडतात.

गंमत म्हणून सांगतो, अमेरिकेत नेब्रास्काच्या संशोधकांनी २००० साली घरगुती चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं होतं, तर त्यानं एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते असं दिसलं. म्हणजे सर्दीतली सूज कमी होत असेल अशी शक्यता. पण ते काचेच्या नळीत, माणसात नाही, तेव्हा सूप पाजलं म्हणून गोळी बंद करू नका.

रंकाळा_ते_अटलांटा:
काकू तुमचं वाचून इथं ऑफिसात भूक लागली. मी रंकाळ्याजवळची, आता अटलांटात असतो (होय, पोरगीच आहे, कोल्हापूरची बाई "जातो येतो"च म्हणणार). पहिल्या थंडीत फ्लूनं पडलो होतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बरणी भरून हिरवट पाणी आणून दिलं. मला वाटलं काढा आहे. तर ते पॉट लिकर, म्हणजे कॉलर्ड नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी धुरी दिलेल्या मांसाच्या हाडाबरोबर तासन्तास शिजवतात, त्याचं उरलेलं पाणी. मक्याचा ब्रेड त्यात कुस्करून खायचा, अगदी आपण भाकरी कुस्करतो तसा. ती म्हणाली गुलामगिरीच्या काळात भाजी मालकाच्या ताटात जायची आणि हे पाणी आमच्या लोकांकडं उरायचं.

इथल्या काळ्या लोकांच्या ह्या घरच्या जेवणाला सोल फूड म्हणतात, नाव १९६० च्या दशकात रूढ झालं, जेवण त्याच्या कितीतरी आधीचं. त्यात चवळी आणि भेंडी सारखी असते, दोन्ही मूळची आफ्रिकेतली. लुइझियानाकडं गंबो नावाचं दाट सूप असतं, तो शब्द पण भेंडीच्या आफ्रिकेतल्या नावावरनं आलाय म्हणे. मी तिला बदल्यात अळणी करून नेली, इथल्या लँबची. ती पिऊन म्हणाली, तुझी आजी आणि माझी आजी एकमेकींना ओळखत असणार. कांदा लसूण चटणी मात्र तिनं हात जोडून परत केली.

खादाड_पेठकर:
काकू, हळद नको म्हणजे नको. बाकी सगळं मान्य.

सेकंड_शिफ्ट:
मंडळी, रविवार झाला. शिफ्ट बदलून घेतली, सकाळी सातला खाटकाच्या दारात पहिला नंबर. काकू म्हणाल्या तसंच केलं, ताटलीतलं पाणी ओतताना एकदा हात भाजला. चरबी काढायला फ्रिजएवढा धीर नव्हता, वाटी थंड पाण्यात धरून वरचा तवंग काढला.

खोबरं आणून, वाटून, दूध काढून तयार ठेवलं होतं, म्हटलं आधी अळणी देऊ आणि मग पांढऱ्याकडं वळू. वाटी दिली. आबांनी वास घेतला, फुंकर मारली, निम्मी संपवली आणि म्हणाले, मीठ कमी हाय. मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलंय. काय बोलले नाहीत. मग बायकोकडनं आलेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मऊ शिजवला होता त्यातला मूठभर वाटीत टाकून मागितला, तोपण संपवला. वर म्हणाले, तुझी आई ह्यात कांदा घालत नव्हती. दुपारी परत एक वाटी.

पांढरा केलाच नाही. आता दोन नारळांचं दूध पातेल्यात तसंच आहे आणि उद्यापासून माझी पहिली शिफ्ट. ह्याचं काय करू?

राजारामपुरीची_काकू:
कोकम आहे का घरात? सोलकढी कर. आणि पुढच्या वेळी कांदा घालू नको.