जपानी भाषेत वय सांगताना 'साइ' कधी बदलते?

प्रश्न
मी नुकतीच जपानी शिकू लागले आहे. संख्येपुढे 'साइ' जोडले की वय होते, एवढे समजले. परंतु सरावाच्या ध्वनिफितीत आठ वर्षांसाठी 'हाचीसाइ'ऐवजी 'हास्साइ' आणि वीस वर्षांसाठी 'साइ' नसलेलाच शब्द ऐकू आला. यामागे नियम आहे का? शिवाय, वडीलधाऱ्यांना वय कसे विचारावे?

पहिले उत्तर
नियम आहे, आणि तो पाठांतरापेक्षा कानाने लवकर बसतो. 'इची' (1), 'हाची' (8) आणि 'ज्यू' (10) यांच्यापुढे 'साइ' आले की आधीच्या शब्दाचा शेवट आखडतो आणि 'स' दुहेरी होतो, म्हणून 'इस्साइ', 'हास्साइ', 'ज्युस्साइ'. मोठ्या संख्येतही शेवटचा भागच पाहावा: 21 म्हणजे 'निज्यू-इस्साइ', 38 म्हणजे 'सान्ज्यू-हास्साइ', 40 म्हणजे 'योन्ज्युस्साइ'. 4, 7 आणि 9 यांसाठी 'योन', 'नाना', 'क्यू' हीच रूपे घ्यावीत. शंभराला मात्र काहीच बदल होत नाही, सरळ 'ह्याकुसाइ'.

वीस वर्षांसाठीचा 'हाताची' हा चिनी वळणाच्या आकड्यांआधीच्या मूळ जपानी संख्यांतला शब्द आहे. महिन्याच्या विसाव्या तारखेचे 'हात्सुका' त्याच मुळातले. 1 एप्रिल 2022 पासून जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय 20 वरून 18 झाले, तरी हा शब्द तसाच रूढ आहे.

दुसरे उत्तर
विचारण्याबद्दल लिहितो. लहान मुलाला 'नान्साइ देस का' किंवा नुसते 'इकुत्सु' चालते. मोठ्यांसाठी आदराचा 'ओ' लावून 'ओइकुत्सु देस का' म्हणावे, आणि त्याआधी 'शित्सुरेइ देसगा' म्हणजे 'क्षमस्व, पण' एवढे जोडावे. तरीही नुकत्याच भेटलेल्या व्यक्तीला कारणाशिवाय वय विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरात 'आहे'साठी वेगळे क्रियापद शोधू नका: 'हाताची देस' पूर्ण वाक्य आहे. वाढदिवस येणार असेल, तर 'राइनेन, सान्ज्युस्साइ नि नारिमास', म्हणजे 'पुढच्या वर्षी तीस वर्षांची होईन'.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. 'साइ'साठी दोन वेगळ्या कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी उगमाची अक्षरे) दिसतात, त्यांतली कोणती लिहावी?

पहिले उत्तर देणारे
तेरा रेघांची प्रमाण मानली जाते, म्हणून औपचारिक लेखनात तीच लिहावी. तीन रेघांची सोपी कांजी लहान मुलांच्या लेखनात आणि अनौपचारिक मजकुरात सर्रास दिसते. ती वाचता आली की सध्या पुरेसे आहे.