शब्दचर्चा: हेलियमचा बुडबुडा की हेलियमची पोकळी?

खानापूरची शिक्षिका: शाळेच्या भित्तिपत्रकाचा विषय या वेळी अणुऊर्जा आहे. कैगाचं अणुवीज केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे मुलं खूप विचारतात. किरणोत्साराने धातू कसा बिघडतो यावर एकाने ‘हेलियमच्या पोकळ्या’ लिहिलंय, दुसरीने ‘हेलियमचे बुडबुडे’. पुढे ‘धातूला सूज येते’ आणि ‘धातू ठिसूळ होतो’ असंही आहे. काय ठेवू?

उद्यमबाग फाउंड्री: ताई, ओतकामात वायू अडकून भोक पडलं की आम्ही ब्लो होल म्हणतो. मराठी कामगार असो की कानडी, शब्द तोच. मुलांनी घरी ऐकलेला असतो, तोच द्या की.

धातुशास्त्रवाला, टिळकवाडी: दादा, इथे तो चालणार नाही. ब्लो होल धातूचा रस गोठताना होतं आणि लेथवर एक कट घेतला की डोळ्यांना दिसतं. हेलियमचे बुडबुडे घट्ट झालेल्या धातूच्या आत होतात, तेही नॅनोमीटरच्या मापाचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. शिवाय हा वायू बाहेरून शिरलेला नसतो. धातूतल्या निकेल-५८ने अणुभट्टीतला न्यूट्रॉन गिळला की निकेल-५९ होतं. त्याने आणखी एक गिळला की लोह-५६ आणि एक अल्फा कण सुटतो. अल्फा कण म्हणजे हेलियमचंच केंद्रक.

हेलियम धातूत जवळजवळ विरघळतच नाही. न्यूट्रॉनच्या धडकेने अणू जागेवरून उडतात आणि रिकाम्या पडलेल्या जागांत हेलियम जाऊन बसतो. तिथे साठला की बुडबुडा. आतल्या वायूच्या दाबावर तो तग धरतो, वाढायचं तर आणखी हेलियम लागतो. पण एका ठरावीक आकारापुढे गेला की आसपासच्या रिकाम्या जागा ओढून घेत नव्या वायूशिवायही वाढत सुटतो. त्याला पोकळी म्हणावं. म्हणजे ताई, दोन्ही शब्द ठेवा, पण ‘हेलियमची पोकळी’ नको. हेलियम पोकळीला सुरुवात करून देतो, तिला भरून टाकत नाही. हा फरक पुसला तर मुलाला अख्खी प्रक्रियाच उलटी कळेल, म्हणून मी हट्ट धरतोय.

‘सूज’ मात्र काढाच, ‘फुगणे’ लिहा. वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, घनता उतरते. स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या सापडल्याचं १९६७ साली छापून आलं, तेव्हापासून हा अभ्यास जोरात सुरू झाला.

उद्यमबाग फाउंड्री: पटलं. पण मग ‘ठिसूळ’ कसं? बीड म्हणजे ओतीव लोखंड ठिसूळ असतं, स्टील कसं होईल?

धातुशास्त्रवाला, टिळकवाडी: होतं, दादा. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांपासून तडा जातो. इथे धातूच्या दोन स्फटिककणांच्या सीमेवर बुडबुडे रांगेने जमतात, पकड सुटते आणि ताण आला की तडा त्या सीमेनेच धावतो. कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत, नळ्यांमधलं अंतर राखणाऱ्या इनकोनेल एक्स-७५०च्या स्प्रिंगांत हेच आढळलं. त्या मिश्रधातूत निकेलच जास्त. तेव्हा ‘ठिसूळ’ बरोबर आहे, फक्त ‘कणसीमांवर’ हा शब्द जोडा.

खानापूरची शिक्षिका: ‘कणसीमा’ मुलांना जड जाईल का?

उद्यमबाग फाउंड्री: पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘ग्रेन बाउंड्री’ लिहा, ताई. डिप्लोमाला गेल्यावर तोच शब्द कानावर पडणार आहे.