इंडक्शन शेगडी पाणी उकळताना ‘भांडं नाही’ म्हणते, भांडं तर वरच आहे

सायली_क:
बाबा ७८ वर्षांचे आहेत. गॅस चालू ठेवून विसरल्याचं दोनदा झालं, म्हणून मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी इंडक्शन शेगडी आणली. भांडं उचललं की तापणं थांबतं, या एका गोष्टीसाठी. आता त्याच गोष्टीने छळलंय.

दांड्याचं स्टीलचं पातेलं ठेवलं की शेगडी लगेच सुरू होते, सहा-सात मिनिटं नीट चालते. पाण्याला उकळी फुटली की पीप पीप करत ई० (म्हणजे ‘भांडं नाही’) दाखवते आणि मिनिटभरात बंद. पातेलं उचलून परत ठेवलं की पुन्हा चालू! त्या आवाजाने बाबा घाबरतात. आपल्याच हातून काही बिघडलं असं वाटून स्वयंपाकघरातून निघून जातात. मला ते बघवत नाही.

काच कोरडी पुसली, दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिली, वॅट कमी-जास्त केले. पातेल्याच्या बुडावर इंडक्शनचं चिन्ह आहे, लोहचुंबकही चिकटतं. बिडाचा तवा ठेवला तर अर्धा तास बिनतक्रार चालते. शेगडी परत करावी का?

वाटसरू:
चुंबक नक्की कुठे चिकटतं ते बघा. माझं एक पातेलं असंच फसवायचं. ३०४ प्रकारचं स्टील मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण पत्रा जिथे ताणून वळवलेला असतो तिथे थोडं चुंबकत्व येतं. त्यामुळे कडेला चिकटायचं आणि बुडाला नाही. फार त्रास होत असेल तर कन्व्हर्टर डिस्क आणा. लोखंडी चकती असते, तिच्यावर कुठलंही भांडं चालतं.

कॉइलवाला:
सायलीताई, परत करू नका. बिडाचा तवा अर्धा तास चालतो म्हणजे शेगडी बहुतेक ठणठणीत आहे. आतला कपॅसिटर किंवा कॉइलचं कनेक्शन गेलं असतं तर तव्यालाही तीच अडचण आली असती. मी या शेगड्या बरीच वर्षं दुरुस्त करतोय. ‘भांडं ओळखत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी शेगड्यांत दोष भांड्याचा निघतो.

शेगडीला भांडं दिसत नसतं, त्याची ओढ कळते. काचेखालच्या कॉइलमधून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. वर चुंबकीय बूड असलं की ते ऊर्जा खेचून घेतं आणि कॉइलच्या प्रवाहात तो फरक उमटतो. चमचा-चावी ठेवल्यावर शेगडी पेटू नये म्हणून या फरकाला किमान मर्यादा घातलेली असते. बऱ्याच शेगड्यांना साधारण १२ सेंटिमीटरचं बूड लागतं, आणि इथे मोजायचा तो चुंबकीय भाग, सगळं बूड नव्हे. स्वस्त पातेल्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या थराखाली चुंबकीय पत्र्याची छोटी चकती दाबून बसवलेली असते. बूड मोठं, चकती लहान. असं भांडं मधोमध असेल तर जेमतेम पास होतं, जरा सरकलं की नापास.

तुमचं भांडं थंड असताना चालतं आणि उकळी फुटल्यावर हरवतं, म्हणून दोन गोष्टी तपासा. चुंबक बुडावर मधून कडेकडे सरकवत न्या आणि पकड कुठे सुटते ते मोजा. मग पट्टी बुडावर आडवी धरा. पट्टी डुगडुगली तर बूड बाहेर फुगलंय. आणि एक सांगा, ई० येतो तेव्हा दांडा कुठे असतो?

डिस्कबद्दल मात्र कळकळीने सांगतो, बाबांसाठी नको. डिस्क ठेवली की शेगडीच्या लेखी डिस्क हेच भांडं. वरचं पातेलं उचललं तरी ती चालूच राहील, म्हणजे तुम्ही ज्यासाठी शेगडी घेतली तेच गेलं. शिवाय डिस्क भयंकर तापते आणि ती उष्णता काचेत उतरते. मधल्या तापमान सेन्सरमुळे शेगडी बंद पडली तरी डिस्क बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते.

वाटसरू:
हा डिस्कचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझा सल्ला मागे घेते.

सायली_क:
दांडा! ठेवताना माझ्याकडे होता, पीप पीप झालं तेव्हा भिंतीकडे वळलेला. पातेलं उकळताना थरथरत फिरतंय आणि सरकतंय हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बूड १६ सेंटिमीटरचं, चुंबकाची पकड फक्त ११ सेंटिमीटरपर्यंत. पट्टी स्पष्ट डुगडुगते. पहिल्याच आठवड्यात ते एकदा रिकामंच पूर्ण वॅटवर तापलं होतं, तेव्हाच फुगलं का?

कॉइलवाला:
तसंच दिसतंय. इंडक्शनवर बूड इतक्या झपाट्याने तापतं की पातळ, रिकामं भांडं काही सेकंदांत वाकू शकतं. फुगलेलं बूड काचेवर एका ठिपक्यावर टेकतं, म्हणून उकळीच्या धक्क्यांनी भोवऱ्यासारखं फिरतं. नवं घेताना जाड, सपाट बुडाचं घ्या आणि चुंबक सोबत न्या. चिन्हावर जाऊ नका, पकड कडेपर्यंत आहे का ते बघा.

सायली_क:
जाड बुडाचं आणलं. चार दिवसांत एकदाही मधे बंद पडली नाही. बाबांसमोर मुद्दाम भांडं उचलून तो आवाज ऐकवला, ‘भांडं परत ठेवा असं सांगतेय ती’ म्हटलं. काल त्यांनी स्वतः उचललं, आवाज आला, तिथेच उभे राहिले आणि परत ठेवलं. तुमचे खरंच आभार.

जुनं पातेलं हातोडीने ठोकून सपाट होईल का?

कॉइलवाला:
बाबांचं वाचून फार बरं वाटलं. पातेलं ठोकू नका. आतले थर सुटतात, मग मधे हवा अडकून एकाच जागी जास्त तापतं. तापवायचं सोडून इतर कामाला ठेवा.