वारकऱ्यांची मोजणी करून काय साधते?

घाटवाट (मूळ मत):
पक्षी सप्ताह संपला आणि आता जानेवारीतील पाणपक्षी गणनेची निमंत्रणे येऊ लागली आहेत. मी सलग दोन वर्षे रंकाळा आणि कळंबा तलावांवर मोजणीला उभा राहिलो आणि दोन्ही वर्षी तेच काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी, तीच हळदीकुंकू बदके, तेच पाणकावळे आणि त्याच टिबुकल्या वहीत उतरवल्या. राधानगरी आणि काळम्मावाडीचे जलाशय एवढे अफाट, पण त्यांच्या काठावर चार बगळे दिसले तरी नशीब म्हणायचे. कोल्हापुरात राहून पाणपक्षी पाहायचे असतील तर गाडीत पेट्रोल भरून फोंडा घाट उतरावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मालवण-देवबाग परिसरात एका दिवसात मी जितक्या जाती पाहिल्या, तितक्या आपल्या तलावांवर दोन हिवाळ्यांत मिळून दिसल्या नाहीत. पट्टकादंब हंस आणि रोहित (फ्लेमिंगो) हवे असतील तर उजनीकाठचे भिगवण आहेच. मग शहरातील तलावांवर थंडीत कुडकुडत वारकऱ्यांची मोजणी करून काय साधते, हे कुणीतरी मला समजावून सांगावे.

रंकाळाकाठी:
आपण समजावून सांगण्याची विनंती केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपले मत वाचून मला मनापासून राग आला, हेही आधीच सांगून टाकतो.

गगनबावड्याच्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी नोंद होते. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहिले जाते आणि त्या शून्यालाही किंमत असते, कारण ते नसते तर पावसाळा कधी लांबला आणि कधी आखडला हे कुणालाच सांगता आले नसते. पाणपक्षी गणनेचेही तेच आहे. आशियात ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचे सारे बळ तेच ठिकाण, तोच महिना आणि शक्यतो तीच माणसे यांत आहे. आपण ‘तेच वारकरी’ म्हणून ज्यांना बाजूला सारता, ते तेवढेच आहेत की कमी झाले, हे मोजल्याशिवाय आपल्याला कसे कळणार?

माझ्या जुन्या वह्यांत रंकाळ्यावरच्या संध्यामठाच्या बाजूने पाहिलेल्या तलवार बदकांच्या नोंदी आहेत. ती पहाटेच्या धुक्यात शेपटीची टोके वर करून, डोके पाण्यात बुडवून चरत असत. ती येथे एका वर्षात नाहीशी झाली नाहीत. एका हिवाळ्यात थोडी उशिरा आली, पुढच्या हिवाळ्यात थोडी आली आणि मग येईनाशी झाली. मी शाळेत शिकवत होतो, रोज काठावरून जात होतो, आणि तरीही वही उघडून पाहीपर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ती खंत माझ्या मनात अजून आहे, आणि म्हणूनच मी जानेवारीत कुडकुडत उभा राहतो.

मोठ्या धरणांविषयी एवढेच सांगतो की, राधानगरी, काळम्मावाडी किंवा तुळशी हे डोंगरांच्या खोबणीत भरलेले खोल जलाशय आहेत. त्यांचे काठ उभे आहेत. पाण्यात डोके घालून चरणाऱ्या बदकाला वीतभर ते हातभर खोलीची उथळ जागा लागते, आणि चिखल्या-तुतवारांना उघडा पडलेला चिखल लागतो. तो तेथे फारसा नसतो. याचा अर्थ राधानगरी पक्ष्यांविना आहे असा होत नाही. तेथील वैभव पाण्यावर नसून दाजीपूरच्या जंगलात आहे. पाणपक्ष्यांसाठी आपल्याला कळंबा आणि राजाराम तलाव यांसारखी उथळ काठाची लहान पाणीच सांभाळावी लागतील.

मालवणात माहेर:
घाटवाटदादा, आपण आमच्या किनाऱ्याचे कौतुक केलेत त्याबद्दल आनंद आहे, पण ज्या रीतीने केलेत त्यावर माझा आक्षेप आहे. सासर कोल्हापुरात असल्याने मी दोन्हीकडची माणसे पाहते. कोल्हापूरची मंडळी शनिवारी पहाटे निघतात, चार तासांनी किनाऱ्यावर पोहोचतात आणि भरती असेल तर ‘आज पक्षी नाहीत’ असे म्हणून मासे खायला जातात. आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती आणि अष्टमीला सहा वाजता, तेही दिवसातून दोनदा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल आणि वाळू उघडी पडते तेव्हाच किनाऱ्यावरचे पक्षी चरतात. भरतीला ते कुठेतरी दाटीवाटीने बसून विश्रांती घेतात.

आणि नेमक्या त्याच विश्रांतीच्या वेळी देवबागच्या संगमावरील वाळूच्या दांड्यावर पर्यटकांच्या बोटी जातात. कुरव आणि सुरय तेथे थव्याने बसलेले असतात. बोट जवळ आली की सारा थवा एकदम उठतो, फेरी मारून पुन्हा बसतो, आणि बसतो न बसतो तोच दुसरी बोट येते. हजारो कोसांवरून आलेल्या पक्ष्याने खाऊन साठवलेली शक्ती त्या उठबशीत खर्ची पडते. आपण एका दिवसात पाहिलेल्या जातींपैकी किती जाती बोटीतून थवा उठवून पाहिल्या, हे आपण प्रामाणिकपणे सांगावे.

घाटवाट:
ताई, मी बोटीतून गेलो होतो, हे खरे आहे. थवा उठला, हेही खरे आहे. बोट आम्ही दहा जणांनी मिळून घेतली होती आणि नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. आपले म्हणणे मला लागले आहे, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही.

परंतु गुरुजींच्या म्हणण्यावर मला बोलायचे आहे. आपण रंकाळ्यावरच्या बदकांसाठी हळहळता, पण रंकाळ्याचे केंदाळ (जलपर्णी) काढावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांत आपणच पुढे होता. मी त्या केंदाळावर कमळपक्षी चालताना पाहिले आहेत, जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्या आहेत. यंत्रे आली, केंदाळ गेले आणि त्याबरोबर ते पक्षीही गेले. पक्ष्यांची खरी काळजी असेल तर आधी त्याचे उत्तर द्यावे.

कळंब्याखालचा शेतकरी:
हे वाचून मला राहवले नाही. केंदाळ राहू द्यावे असे म्हणणाऱ्याने एक उन्हाळा त्या पाण्याच्या काठावर काढावा. गटाराचे पाणी तलावात आणि नदीत येते, त्यातील नत्र आणि स्फुरदावर केंदाळ पोसते आणि बघता बघता पाणी झाकून टाकते. खाली ऊन पोहोचत नाही. वरचे केंदाळ कुजून तळाशी बसले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून मरतात. तो वास मी घेतला आहे, आणि आमच्या म्हशींनी त्या पाण्याला तोंड लावले नाही, हेही पाहिले आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे; आपल्या पक्ष्यांचे ते घर नव्हते. कळंब्याचे पाणी माणसे पितात, हे कमळपक्ष्याचे फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मला पक्ष्यांचे वावडे नाही. पाणी उतरल्यावर गाळपेरीच्या एका तुकड्यात टिटवीने चार अंडी घातली होती, निमुळती टोके आत वळवून, खड्यांसारख्या रंगाची. त्या अंड्यांभोवती चार खुंट्या ठोकून मी औत बाजूने काढले. पण केंदाळाची बाजू कुणी घेऊ लागला तर मी गप्प बसणार नाही.

रंकाळाकाठी:
घाटवाट यांनी विचारले आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही नाही. होय, मी केंदाळ काढण्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. पण त्यांनी बोट ठेवले आहे तेथे मला दुखते, हेही मान्य केले पाहिजे.

एका पावसाळ्यात मी काठावर बसून कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर पाहत होतो. या पक्ष्यांत अंडी नरच उबवतो आणि पिल्लेही तोच सांभाळतो. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. घार वरून गेली तसा तो नर पंख किंचित फुगवून खाली बसला, पिल्ले त्याच्या पंखांखाली शिरली आणि तो उठून चालू लागला. त्याच्या दोन्ही कुशींतून पिल्लांची लांबच लांब बोटे लोंबत होती. मी मोजली तेव्हा सहा पाय भरले, म्हणजे तीन पिल्ले. काही दिवसांनी त्याच बाजूने यंत्र फिरले. त्या पिल्लांचे काय झाले, ते मला ठाऊक नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की केंदाळ काढण्याला विरोध नको, पण ते कधी आणि किती काढायचे याला धरबंध असावा. जून ते सप्टेंबर या विणीच्या काळात काठाला हात लावू नये. केंदाळ काढताना पाणकणीस आणि आपल्याकडची कमळेही सरसकट उपटली जातात. ती तशीच ठेवावीत. जांभळी पाणकोंबडी पाणकणसातही घरटे बांधते आणि कमळपक्ष्याला कमळाची पाने पुरतात.

कळंब्याखालचा शेतकरी:
पावसाळ्यात हात लावू नका, असे म्हणणे सोपे आहे. केंदाळ पावसाळ्यात थांबत नाही, आणि उन्हाळ्यात काढून संपवतो म्हटले तर तेवढी यंत्रे आणि तेवढा पैसा कधी वेळेवर मिळत नाही. पाणकणीस ठेवावे, हे मात्र मला पटते. काठाची मातीही त्यानेच धरून राहते.

पंचगंगेचा भोई:
इतका वेळ सर्वांचे वाचत होतो. माझे वडील आणि आजोबा याच पाण्यावर जगले. पक्षीमित्र आले की त्यांचे पहिले बोट आमच्या जाळ्याकडे जाते. तंगूसच्या (नायलॉनच्या) बारीक जाळ्यात टिबुकली किंवा पाणकावळा अडकून मरतो, हे मी नाकारत नाही. मी स्वतः मेलेली टिबुकली जाळ्यातून सोडवली आहे, आणि तिच्या पायांना पडदा नसून पानासारख्या पाळ्या असतात, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण आमच्या जाळ्यावर लेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी नाल्याच्या तोंडाशी उभे राहून तेवढ्याच आवेशाने लिहिले आहे? केंदाळामुळे आमचे जाळे पसरता येत नाही, मासे मेले की आमचीच चूल थंडावते, आणि तरी दोषी आम्हीच. गुरुजींबद्दल आदर ठेवून सांगतो की, तलवार बदके कोणत्या वर्षी येईनाशी झाली, हे आम्हाला विचारले असते तर वही न उघडताही सांगितले असते. आम्हाला कुणी विचारलेच नाही.

रंकाळाकाठी:
आपण म्हणता ते खरे आहे आणि मला त्याची लाज वाटते. इतकी वर्षे मोजणीला उभा राहिलो, पण काठावरच्या एकाही भोयाला ‘तुम्ही काय पाहता?’ असे मी विचारले नाही.

मालवणात माहेर:
आमच्याकडेही हेच होते. समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात आणि ती घरटी चोरून विकली गेली आहेत. तेथील पक्ष्यांना जपायचे तर समुद्रात रोज होडी नेणाऱ्या माणसांना वगळून ते कसे साधेल, हे मला कधीच कळले नाही.

घाटवाट:
मी विचारलेला प्रश्न कुठल्या कुठे गेला, पण उत्तर मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. पर्जन्यमापकाचा दाखला मला पटला, अगदी नाइलाजाने का होईना. तरीही माझे एक म्हणणे कायम आहे. नव्या माणसाला वर्षानुवर्षे फक्त वारकरीच दाखवले तर तो पक्षी पाहणे सोडून देईल. मला या छंदाची ओढ समुद्री गरुडाने लावली, वारकऱ्याने नव्हे. ती ओढ चुकीची होती, असे मी म्हणणार नाही.

रंकाळाकाठी:
ते कुणीही म्हणत नाही. आपण समुद्री गरुड पाहावा, सुकती पाहून जावे आणि थव्यापासून दूर उभे राहावे. पण वारकरी कंटाळवाणा आहे, हे मला मान्य नाही. त्याला पाण्यावरून उठताना एकदा शांतपणे पाहावे. तो पाय मारत पाण्यावरून पळत सुटतो, मागे पांढऱ्या थेंबांची रेघ उमटत जाते आणि कपाळावरची पांढरी ढाल पुढे काढून तो कसाबसा वर उचलला जातो. मी हे हजार वेळा पाहिले असेल, तरी दर वेळी हा उठेल की नाही, याची मला धाकधूक वाटते.

कळंब्याखालचा शेतकरी:
गणनेच्या दिवशी आमच्या बांधावरून पाणी पाहायला कुणाची हरकत नाही. कुत्री बांधून ठेवतो. केंदाळाविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.

पंचगंगेचा भोई:
कळंबा तलावाच्या पलीकडच्या अंगाला पाणकणीस दाट आहे आणि तेथील पक्षी काठावरून दिसत नाहीत. घरी एक जुनी काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, आहे. गुऱ्हाळातून निवृत्त झाली, पण पाण्यावर अजून नीट तरंगते. तिच्यात मी आणि आणखी एक जण बसू शकतो. घाटवाट यांनी यावे. सकाळी सहा वाजता सांडव्याजवळ थांबतो. दुर्बीण आणावी, भडक रंगाचे कपडे घालू नयेत, आणि पाणकणसाजवळ गेल्यावर ‘अजून जवळ घ्या’ असे म्हणू नये.